मोबाइलवरचे स्पर्शविरहित व्यवहार आणि ज्येष्ठ नागरिक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दर शनिवारी सकाळी मोबाइल व्यवहारांच्या मदतीसाठी एक टेबल मांडले जाते. तेथे तोंडी आलेले, चिठ्ठीवर लिहून दिलेले आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. उत्तरे देणाऱ्याची नोकरी बँकेच्या काउंटरमागे गेली असल्यामुळे काही ठिकाणी बँकांच्या बाजूने, तर काही ठिकाणी त्यांच्याविरुद्ध जरा जास्तच स्पष्ट लिहिले गेले आहे.

१. यूपीआय, मोबाइल बँकिंग आणि टॅप करायचे कार्ड हे सगळे एकच का?

नाही. मोबाइल बँकिंग म्हणजे तुमच्या बँकेचे स्वतःचे ॲप. शिल्लक पाहणे, मुदत ठेव करणे, चेकबुक मागवणे, कार्ड बंद करणे ही कामे त्यात होतात. यूपीआय ही नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ साली सुरू केलेली यंत्रणा असून ती एका बँकेच्या खात्यातून दुसऱ्या बँकेच्या खात्यात तत्काळ पैसे पोहोचवते. भीम, गुगल पे, फोनपे ही त्या यंत्रणेची निरनिराळी दारे आहेत. “माझे जीपेमध्ये किती पैसे आहेत?” असे अनेक जण विचारतात. जीपेमध्ये काहीच नसते, पैसे तुमच्या बँकेतच असतात. टॅपचे कार्ड म्हणजे ज्यावर वायफायच्या आडव्या चिन्हासारख्या चार कमानी छापलेल्या असतात ते डेबिट किंवा क्रेडिट कार्ड. ते मशीनजवळ नेले की एनएफसी या तंत्राने व्यवहार होतो. काही स्मार्टफोनमध्येही एनएफसी असते, आणि फोनचे कुलूप उघडून तो कार्डासारखा मशीनला लावता येतो.

२. माझ्याकडे बटणांचा साधा फोन आहे. स्मार्टफोन घेतलाच पाहिजे का?

केवळ पैसे देण्यासाठी घ्यायची गरज नाही. साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे ही सोय मार्च २०२२ पासून उपलब्ध आहे. त्यात ठरावीक क्रमांकावर फोन लावून, ध्वनिमुद्रित सूचना ऐकत आणि बटणे दाबत पैसे पाठवता येतात. एका व्यवहाराची मर्यादा आता १०,००० रुपये आहे. तुमची बँक या सोयीत आहे का आणि कोणता क्रमांक लावायचा, हे शाखेतूनच लिहून घ्यावे, इंटरनेटवर शोधू नये. कारण प्रश्न १४ मध्ये दिले आहे. मात्र भाजीवाल्याच्या रांगेत उभे राहून सूचना ऐकत बसणे कंटाळवाणे होते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. दुकानात पैसे देण्यासाठी साध्या फोनवाल्यांना टॅपचे कार्ड अधिक सोपे पडते.

३. सुरुवात करायला काय काय लागते? माझ्याकडे डेबिट कार्ड नाही.

बँकेत नोंदवलेला मोबाइल क्रमांक, त्याच क्रमांकाचे सिमकार्ड असलेला स्मार्टफोन आणि इंटरनेट एवढे लागते. यूपीआयचा पिन ठरवताना एरवी डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीचा महिना-वर्ष विचारतात. कार्ड नसेल तर अनेक बँकांमध्ये आधारच्या ओटीपीवर पिन ठरवता येतो, पण त्यासाठी आधारला आणि बँकेला एकच मोबाइल क्रमांक जोडलेला असावा लागतो.

आमच्या टेबलावर नोंदणी अडते ती बहुतेक वेळा दोन कारणांनी. पहिले म्हणजे, ॲप नोंदणीच्या वेळी तुमच्या फोनमधून स्वतःहून एक एसएमएस पाठवते, आणि अनेकांच्या स्वस्त रिचार्जमध्ये बाहेर जाणारे एसएमएस नसतात. ॲप नुसते गोल फिरत राहते आणि माणूस समजतो की आपल्यालाच जमत नाही. दुसरे म्हणजे, फोनमध्ये दोन सिम असतात आणि बँकेला दिलेला क्रमांक दुसऱ्याच खोबणीत असतो. नोंदणीनंतर पहिले २४ तास साधारणपणे ५,००० रुपयांपर्यंतच पैसे पाठवता येतात. तो बिघाड नव्हे, ती मुद्दाम घातलेली मर्यादा आहे.

४. पेन्शनचे खाते जोडू का?

जोडता येते, पण आमचा सल्ला स्पष्ट आहे: जोडू नका. त्याच बँकेत किंवा जवळच्या दुसऱ्या बँकेत एक वेगळे बचत खाते उघडा, महिन्याच्या किरकोळ खर्चापुरती, म्हणजे समजा चार-पाच हजारांची, रक्कम त्यात दर महिन्याला वळती करा आणि यूपीआय फक्त त्या खात्याला जोडा. पेन्शनच्या खात्यावर स्थायी सूचना देऊन ठेवली की हे आपोआप होते. जुन्या काळी घरात तिजोरी वेगळी आणि बाजारहाटाचे पाकीट वेगळे असे. पाकीट मारले गेले तरी घर बुडत नसे. मोबाइलचे खाते हे पाकीट आहे. यूपीआयची दिवसाची सर्वसाधारण मर्यादा १ लाख रुपये आहे, आणि ज्या खात्यात निवृत्तीची सगळी पुंजी आहे ते खाते एका चार आकडी पिनमागे उभे करणे आम्हांला पटत नाही.

ज्या खात्याला यूपीआय जोडाल त्याला ‘आपोआप मुदत ठेवीत रूपांतर’ ही सोय नको. ती असेल तर शिल्लक कमी पडल्यावर ठेव मोडून पैसे खात्यात येतात, आणि मग पाकिटाला तळच उरत नाही.

पतसंस्थेतील खात्याबद्दलही पुष्कळ जण विचारतात. पतसंस्था ही बँक नसल्यामुळे तिचे खाते यूपीआयला थेट जोडता येत नाही. नागरी सहकारी बँकांपैकी अनेकींची खाती मात्र जोडता येतात.

५. इतके आकडे कसे लक्षात ठेवायचे?

खरे तर दोनच लक्षात ठेवायचे असतात: फोनचे कुलूप उघडण्याचा आकडा आणि यूपीआयचा चार किंवा सहा आकडी पिन. ओटीपी लक्षात ठेवण्यासाठी नसतोच, तो प्रत्येक वेळी नवा येतो. पिन म्हणून जन्मसाल, लग्नाचे साल आणि गाडीचा क्रमांक टाळावा. लिहून ठेवायचाच असेल तर घरच्या कपाटात ठेवावा. फोनच्या कव्हरात, पाकिटात किंवा संपर्क यादीत ‘पिन’ या नावाने ठेवू नये. हा शेवटचा प्रकार आमच्याकडे येणाऱ्या फोनांमध्ये सर्रास दिसतो.

यूपीआय पिनबद्दल एकच नियम पाठ करायचा आहे. तो पैसे देताना आणि शिल्लक पाहताना लागतो, पैसे घेताना कधीही लागत नाही.

६. दुकानात पहिल्यांदा पैसे देताना गोंधळ उडतो. नेमके काय करायचे?

पहिला व्यवहार ओळखीच्या दुकानात, गर्दी नसताना आणि दहा-वीस रुपयांचा करावा. ७८ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिका बाईंचा पहिला व्यवहार आम्ही शेजारी उभे राहून पाहिला. कोथिंबिरीची जुडी पंधरा रुपयांना होती. बाईंनी चष्मा बदलला, ॲप उघडून स्कॅनवर बोट ठेवले आणि फोन क्यूआर कोडच्या अगदी जवळ नेला. चित्र धूसर झाले. “मागे घ्या, आजी, फोटो काढल्यासारखा धरा,” असे भाजीवाल्याने सांगितले. वीतभर मागे नेताच कोड पकडला गेला. पडद्यावर दुकानाचे नाव आले, ते त्यांनी मोठ्याने वाचले, भाजीवाल्याने मान डोलावली, मग १५ हा आकडा, मग पिन. गाडीवरच्या डब्यातून “पंधरा रुपये प्राप्त झाले” असे ऐकू आले तेव्हा बाई त्या डब्याला “धन्यवाद” म्हणाल्या.

त्यांनी नकळत सर्वांत महत्त्वाची गोष्ट केली होती, ती म्हणजे नाव मोठ्याने वाचणे. जून २०२५ अखेरपासून पैसे पाठवण्याआधी बँकेच्या नोंदीतले खरे नाव ॲपने दाखवणे बंधनकारक आहे. दुकानाच्या कोडवर दुसऱ्याचा कोड चिकटवण्याचे प्रकार होतात, आणि त्यावर हे नाव वाचणे हाच उपाय आहे. पाटीवर दुकानाचे नाव एक आणि पडद्यावर मालकाचे वैयक्तिक नाव असे होऊ शकते, म्हणून शंका आली तर विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

टॅपच्या कार्डासाठी क्रम उलटा असतो. आधी दुकानदाराने मशीनवर रक्कम टाकायची, ती तुम्ही वाचायची, आणि मगच कार्ड मशीनपासून दोन-तीन सेंटीमीटरवर सेकंदभर धरायचे. कार्ड दुकानदाराच्या हातात देण्याची गरज नसते. फोनने टॅप करणाऱ्यांच्या कव्हरात धातूची पट्टी किंवा लोहचुंबक असेल तर मशीन दाद देत नाही, कव्हर काढून पाहावे.

७. यूपीआय लाइटमध्ये पिनच लागत नाही म्हणतात. मग ते धोक्याचे नाही का?

दिसते तसे ते धोक्याचे नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या या सोयीत तुम्ही स्वतः पिन टाकून काही रक्कम बाजूला काढता आणि किरकोळ खर्च त्यातून पिनशिवाय होतो. सध्या एका वेळी जास्तीत जास्त १,००० रुपये देता येतात आणि एकूण ५,००० रुपयांपर्यंत रक्कम ठेवता येते. नुकसान झालेच तर तेवढ्या रकमेपलीकडे जात नाही. आम्ही हजार रुपयांच्या वर ठेवू नका असे सुचवतो. बाजूला काढलेल्या रकमेवर व्याज मिळत नाही, पण पासबुकात प्रत्येक चहाची ओळ छापली जात नाही हा फायदा आहे. भर रस्त्यात, लोक मागे उभे असताना पिन टाकायची वेळ येत नाही, हा त्याहून मोठा फायदा. रक्कम संपली की आपोआप भरली जाण्याची सोयही त्यात असते, ती बंद ठेवावी, नाहीतर मर्यादेला अर्थ उरत नाही.

८. बसच्या गर्दीत कोणी खिशाला मशीन लावून कार्डातले पैसे काढू शकेल का?

हे दाखवणारी चित्रफीत दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर फिरते आणि पुढच्या शनिवारी चार जण कार्ड चांदीच्या कागदात गुंडाळून आणतात. पिनशिवाय टॅपची मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून ५,००० रुपये आहे, त्यामुळे भीती अगदीच निराधार नाही. पण मशीन कार्डाच्या अगदी जवळ यावे लागते, ते कोणत्या तरी बँकेने ओळख तपासून दिलेले असते, आणि पैसे त्या माणसाच्या नोंदणीकृत खात्यातच जमा होतात. चोरासाठी हा मार्ग मागे माग ठेवणारा आहे. पाकिटात दोन कार्डे एकमेकांना चिकटून असली तर मशीन बहुतेक वेळा गोंधळते.

तरीही मन मानत नसेल तर चांदीचा कागद नको. कार्डाची टॅपची सोय चालू-बंद करण्याची आणि तिची मर्यादा ठरवण्याची मुभा प्रत्येक ग्राहकाला असली पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२० पासून लागू आहे. बँकेच्या ॲपमध्ये ‘कार्ड नियंत्रण’ अशा नावाने ती सापडते. टॅप चालू ठेवून ऑनलाइन खरेदी आणि परदेशी व्यवहार बंद ठेवणे बहुतेक ज्येष्ठांना सोयीचे ठरते. नवे कार्ड टॅपला दाद देत नसेल तर त्याचेही कारण हेच असते: ही सोय आधी तुम्हीच सुरू करायची असते.

एसटीत पैसे टॅपने द्यायचे की यूपीआयने, असे एका आजोबांनी विचारले होते. त्यांचे वय ७९ असल्याचे नंतर कळले. पंच्याहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे, त्यामुळे त्यांचा प्रश्न आपोआप निकाली निघाला.

९. अक्षरे दिसत नाहीत, हात थरथरतो, बोटाचा ठसा उमटत नाही. काय करू?

फोनच्या सेटिंगमध्ये ‘डिस्प्ले’खाली अक्षरांचा आकार वाढवता येतो. फार वाढवल्यास काही ॲपमधली बटणे पडद्याबाहेर जातात, म्हणून एकेक पायरी वाढवून पाहावे. बहुतेक मोठ्या यूपीआय ॲपमध्ये भाषा मराठी करता येते, पण ‘प्राप्तकर्ता’, ‘अधिकोष’ असे शब्द पाहून काही जण पुन्हा इंग्रजीवर जातात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

वयाबरोबर बोटांची कातडी कोरडी आणि रेषा पुसट होतात. हात धुऊन, पुसून, किंचित मलम लावून तोच अंगठा दोन-तीनदा नोंदवावा. तरीही जमले नाही तर ठशाचा नाद सोडून आकडा वापरावा. हात थरथरत असेल तर फोन उभा हातात न धरता टेबलावर किंवा काउंटरवर टेकवून पिन टाकावा, आणि रकमेत एक शून्य जास्त पडले नाही ना, हे पिनच्या आधी पाहावे. ज्यांना थरथर जास्त आहे त्यांना यूपीआयपेक्षा टॅपचे कार्डच मानवते, कारण तेथे रक्कम दुकानदार टाकतो.

१०. मुलगा म्हणतो, “बाबा, पिन सांगा, मीच करत जातो.” सांगू का?

सांगू नका. मुलावर विश्वास नाही म्हणून नव्हे. पिन दुसऱ्याला सांगितला की उद्या तिसऱ्याच कोणी पैसे काढले तरी ‘ग्राहकाचा निष्काळजीपणा’ असे म्हणायला बँक मोकळी होते. प्रश्न १५ मधले संरक्षण त्यामुळे धोक्यात येते. दुसरे कारण असे की ज्यांचे व्यवहार मुले करतात ते कधीच शिकत नाहीत, आणि मुलगा विमानात असेल त्या दिवशी औषधे घ्यायची वेळ येते. मदत घ्यायची असेल तर प्रश्न ११ मधला मार्ग आहे.

११. मग मुलांनी मदत कशी करावी?

त्यासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये यूपीआय सर्कल ही सोय आली. मुलगी आपल्या खात्यावर आईला दुय्यम वापरकर्ता म्हणून जोडते. आई स्वतःच्या फोनवरून कोड स्कॅन करते आणि पैसे मुलीच्या खात्यातून जातात. पूर्ण परवानगी दिली तर महिन्याला १५,००० आणि एका व्यवहाराला ५,००० रुपयांपर्यंत आई परस्पर खर्च करू शकते. अंशतः परवानगी दिली तर प्रत्येक व्यवहाराला मुलीने तिच्या फोनवर पिन टाकून मान्यता द्यावी लागते. एका खातेदाराला पाच जण जोडता येतात, पण दुय्यम वापरकर्ता एकाच खातेदाराशी जोडलेला राहतो, त्यामुळे थोरला आणि धाकटा दोघांच्याही खात्यावर आईला जोडता येत नाही.

आमच्या पाहण्यात अंशतः परवानगीचा प्रकार रागाचे कारण होतो. मुलगी मीटिंगमध्ये, आई किराणा दुकानात, आणि मागे रांग. “मी काय आता पोरीची परवानगी घेऊन साखर आणायची?” हा एका बाईंचा प्रश्न आम्ही तसाच लिहून ठेवला आहे. स्वतःची पेन्शन असणाऱ्यांना प्रश्न ४ मधले छोटे खाते जास्त स्वाभिमानाचे वाटते, आणि आम्हांलाही.

१२. माझ्या खात्यातून पैसे कापले, दुकानदार म्हणतो मिळाले नाहीत. पुन्हा देऊ का?

लगेच दुसऱ्यांदा देऊ नये. ॲपमधला त्या व्यवहाराचा शेरा पाहावा. ‘यशस्वी’ असेल तर दुकानदाराला तो क्रमांकासह दाखवावा. ‘प्रलंबित’ असेल तर थोडे थांबावे आणि शक्य तर रोख द्यावे. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार अडकलेले पैसे व्यक्तीला पाठवलेले असल्यास दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानाला दिलेले असल्यास पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यानंतर प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देय असते, आणि ती न मागता मिळाली पाहिजे असे नियम म्हणतो. आम्ही मागूनच घ्यायला सांगतो.

१३. चुकून भलत्याच माणसाला पैसे गेले. बँक परत आणून देईल का?

परस्पर आणून देऊ शकत नाही. यशस्वी झालेला व्यवहार ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याच्या संमतीशिवाय बँक उलटा फिरवत नाही. आधी त्या व्यक्तीशी संपर्क साधावा, मग ॲपमध्ये त्या व्यवहाराखाली तक्रार नोंदवावी आणि आपल्या बँकेला लेखी कळवावे. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी माहितीचा क्रमांक १४४४८ आहे. नव्या माणसाला मोठी रक्कम पाठवताना आधी एक रुपया पाठवून त्याच्याकडून फोनवर खात्री करून घ्यावी.

१४. फसवणूक नेमकी कशी होते? ओळखायची कशी?

आमच्याकडे आलेल्या प्रकरणांपैकी एकही टॅप करताना किंवा कोड स्कॅन करताना तंत्र फसल्यामुळे घडलेले नाही. प्रत्येक वेळी आधी फोन आला, कोणी तरी गोड किंवा दरडावून बोलले, आणि पिन माणसाने स्वतःच्या बोटाने टाकला. म्हणून ॲपची भीती बाळगण्यापेक्षा आलेल्या फोनची बाळगावी. नेहमीचे प्रकार असे आहेत.

वीजबिल भरले नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडू, या क्रमांकावर बोला, असा संदेश येतो. पेन्शनरांना नोव्हेंबरच्या सुमारास हयातीच्या दाखल्याच्या नावाने फोन येतात आणि ओटीपी मागितला जातो. हयातीचा दाखला कोणीही तुम्हांला फोन करून अद्ययावत करत नाही. जुने कपाट विकायला काढले की ‘फौजी’ गिऱ्हाईक भाव न करता तयार होते आणि पैसे ‘घेण्यासाठी’ कोड स्कॅन करायला सांगते. येथे प्रश्न ५ मधला नियम आठवावा. लग्नपत्रिका किंवा वाहतूक दंडाची पावती म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके असे शेवट असलेली फाइल येते. ती पत्रिका नसून ॲप असते, आणि उघडल्यास तुमचे एसएमएस दुसऱ्याला दिसू लागतात. पत्रिका ओळखीच्या क्रमांकावरून आली म्हणून खात्री बाळगू नये, कारण त्या ओळखीच्या माणसाचा फोन आधीच ताब्यात गेलेला असू शकतो.

आणखी एक प्रकार चांगुलपणावर चालतो. “काका, चुकून तुमच्या नंबरवर पाच हजार आले, दवाखान्याचे पैसे आहेत हो.” सोबत बँकेसारखा दिसणारा एसएमएसही असतो. एसएमएस कोणीही लिहू शकतो. बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक पाहावी. पैसे खरोखर आले असले तरीही परस्पर परत न पाठवता बँकेला कळवावे.

‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकार भारतीय कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर गणवेश घातलेला माणूस तुमच्या आधारवर अमली पदार्थांचे पार्सल सापडल्याचे सांगतो आणि घरच्यांशी बोलू देत नाही. घरच्यांशी बोलू देत नाही, हीच खूण. फोन कापावा आणि शेजाऱ्याचे दार वाजवावे.

मदत क्रमांक इंटरनेटवर शोधणे हा सगळ्यांत मोठा खड्डा आहे, कारण तेथे चोरांनी स्वतःचे क्रमांक बँकेच्या नावाने पेरलेले असतात. क्रमांक कार्डाच्या मागच्या बाजूला किंवा पासबुकावर पाहावा. बँकांची खरी संकेतस्थळे आता ‘डॉट बँक डॉट इन’ असा शेवट असलेली आहेत. आणि कोणीही तुमच्या फोनचा पडदा दुसऱ्याला दाखवणारे ॲप घ्यायला सांगितले, तर पुढचे वाक्य ऐकायचेच नाही.

एक बदल चांगला झाला आहे. ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीला यूपीआयवर पैशांची मागणी पाठवण्याची सोय बंद करण्यात आली. दुकाने आणि कंपन्यांच्या मागण्या अजून येतात, म्हणून आपण स्वतः काही खरेदी केली नसेल तर मान्यता देऊ नये.

१५. फसवणूक झालीच. आता काय करू?

१९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक ताबडतोब लावावा. आधी मुलाला विचारू, सकाळी बँकेत जाऊ, लोक काय म्हणतील, यात जो वेळ जातो त्यात पैसे चार खात्यांतून फिरून एटीएममधून बाहेर पडतात. १९३० वर लवकर कळवल्यास पैसे वाटेत गोठवता येण्याची शक्यता असते. त्यानंतर बँकेच्या मदत क्रमांकावर खाते थांबवायला सांगावे, तक्रारीचा क्रमांक आणि वेळ कागदावर लिहून घ्यावी, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार भरावी.

भरपाईचे नियम रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातून आले. चूक बँकेची असेल तर तुमच्यावर भार नाही. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास तुमची जबाबदारी शून्य असते. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवल्यास साध्या बचत खात्याला कमाल १०,००० रुपयांपर्यंत भार तुमच्यावर येऊ शकतो. त्यापुढे बँकेचे धोरण लागू होते. पिन किंवा ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर बँकेला कळवण्याच्या क्षणापर्यंतचे नुकसान तुमचे, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणून लाज वाटली तरी त्याच मिनिटाला कळवण्यात अर्थ असतो.

१६. फोन हरवला तर?

नुसत्या फोनने चोराला फारसे काही करता येत नाही, कारण कुलूप आणि पिन दोन्ही लागतात. पण आमच्याकडे येणाऱ्या किती तरी फोनांच्या पाकिटासारख्या कव्हरात डेबिट कार्ड आणि आधारची झेरॉक्स खोचलेली असते. सिम, कार्ड आणि आधार एकत्र मिळाले की नवा पिन ठरवण्याचे सगळे साहित्य चोराच्या हाती लागते. कार्ड आजच कव्हरातून काढावे. फोन हरवल्यावर आधी मोबाइल कंपनीला सिम बंद करायला सांगावे, मग बँकेला, आणि मग सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर फोन बंद करण्याची नोंद करावी. पैसे गेले असतील तर प्रश्न १५ पाहावा.

१७. सहा महिने मुलीकडे अमेरिकेला जाणार आहे. इथले यूपीआय चालू राहील का?

भारतीय सिम त्याच फोनमध्ये ठेवलेत आणि फोन बदलला नाहीत तर वायफायवरही ॲप सहसा चालते, आणि येथील कामवालीचा पगार तेथून पाठवता येतो. सिम काढून ड्रॉवरमध्ये ठेवले तर ॲप अडते. खरी अडचण वेगळी आहे: सलग ९० दिवस क्रमांकाचा काहीच वापर झाला नाही तर तो बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्या कोणाला दिला जातो. जाण्यापूर्वी मोठ्या मुदतीचे रिचार्ज करावे आणि अधूनमधून एखादा एसएमएस पाठवावा. अमेरिकेतल्या दुकानात यूपीआयची अपेक्षा ठेवू नये. सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, मॉरिशस, श्रीलंका, नेपाळ, भूतान येथे काही दुकानांत ते चालते, पण त्यासाठी ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय सोय आधी सुरू करावी लागते.

१८. आमचे खाते दोघांच्या नावे आहे. मोबाइल यांचाच जोडलेला आहे. चालेल ना?

‘दोघांपैकी एक किंवा हयात असलेला’ अशा पद्धतीचे खाते असेल तर यूपीआय चालते. दोघांच्याही सह्या लागणाऱ्या खात्याला ते जोडता येत नाही. पण प्रश्न विचारणाऱ्या बाईंना आमचा उलट प्रश्न असतो: तुमचा स्वतःचा क्रमांक बँकेत का नाही? पती गेल्यानंतर त्यांचा क्रमांक रिचार्जअभावी बंद पडला आणि बाईंच्या स्वतःच्या पैशांचे ओटीपी कुठेच येईनात, असे आम्ही एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. दुसऱ्या खातेदाराचा क्रमांक नोंदवण्याचा अर्ज एका पानाचा असतो.

१९. वडील वारले. त्यांच्या फोनवरून यूपीआयने पैसे काढून घेतले तर चालेल का?

पिन माहीत असला तरी नाही. खातेदाराच्या मृत्यूनंतर तो अधिकार संपतो, आणि पुढे वारसांत वाद झाला तर असा प्रत्येक व्यवहार दाखवला जातो. मृत्यूच्या दाखल्यासह बँकेला कळवावे. नामनिर्देशन असेल तर दावा सोपा असतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्यावर चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. दावा पूर्ण होईपर्यंत वडिलांचे सिम चालू ठेवावे, कारण विमा, गॅस आणि डिमॅट यांचे संदेश त्यावरच येतात.

२०. शाखेत सांगतात, “आजोबा, हे आता ॲपवरच होते.” असे म्हणता येते का?

सुचवता येते, सक्ती करता येत नाही. ज्येष्ठांना बँकेतील सेवा सुलभ व्हावी म्हणून रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ रोजी दिलेल्या सूचनांत ज्येष्ठांसाठी स्पष्ट ओळखू येणारे काउंटर किंवा प्राधान्य, बचत खात्याला वर्षाला किमान २५ धनादेश विनाशुल्क, आणि सत्तरी ओलांडलेल्यांना व आजारी ग्राहकांना घरपोच मूलभूत सेवा देण्याचा प्रयत्न करावा असे सांगितले आहे. रोख आणून देणे, धनादेश घेऊन जाणे आणि हयातीचा दाखला स्वीकारणे यांचा त्यात उल्लेख आहे. परिपत्रकाची तारीख कागदावर लिहून न्यावी आणि शाखाधिकाऱ्यांना शांतपणे दाखवावी. नकार मिळाला तर तो लेखी मागावा. तो बहुधा मिळत नाही, काम होते.